मास्तरांची सही

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोला गाडी चालवता येत नाही, ही त्या भागातली जुनी थट्टा होती. लाँड्रीच्या काउंटरवर कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "मास्तरीणबाई, आजही बसनंच का?" आणि मास्तरीणबाई शर्टाच्या कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचता टाचता म्हणायच्या, "आमच्याकडे शिकवणी परक्यांना, घरच्यांना नुसता ओरडा." तसा मास्तरांनी लग्नानंतर एकदा प्रयत्न करून पाहिला होता. पहिल्या वळणावर ते ओरडले, दुसऱ्या वळणावर या दार उघडून उतरल्या आणि तरातरा घराकडे चालायला लागल्या. मास्तर मागून पहिल्या गिअरमध्ये गाडी हाकत, खिडकीतून मान बाहेर काढून "अगं बस ना, बस ना" करत घरापर्यंत आले. तो विषय तिथेच मिटला.

मास्तर शाळेतले नव्हेत, गाडीचे. एकच पांढरी, चार दारांची गाडी, तिच्या डोक्यावर पत्र्याची पाटी आणि शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक. तेवढ्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं. शिकणाऱ्याचा धीर सुटला की मास्तर काही न बोलता तो ब्रेक दाबायचे, खिशातला रुमाल पुढे करायचे आणि समोरचं माणूस घाम पुसून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचे. बायकोवर ओरडले तेवढेच, विद्यार्थ्यावर कधी आवाज चढवला नाही. पाववाला त्यांच्याकडे शिकला, दाताचा डॉक्टर शिकला, पोस्टातली बाई शिकली. मास्तरांकडे शिकलेला माणूस आरशात बघितल्याशिवाय झोपेत कूससुद्धा बदलत नाही, असं लोक म्हणायचे.

वय झालं तशी त्यांनी पाटी उतरवली. गाडी तेवढी ठेवली. सकाळी पुसायची, जरा फिरवून आणायची, येताना पाव आणायचा.

विसरण्याची सुरुवात गमतीतच झाली. पाव आणायला गेलेले मास्तर पावाशिवाय परत यायचे, कधी दोनदा जाऊन दोनदा पाव आणायचे. मास्तरीणबाई हसायच्या. मग एकदा ते कुठल्याशा घरासमोर गाडी उभी करून तासभर हॉर्न वाजवत बसले. त्या घरातली मुलगी फार पूर्वी त्यांच्याकडे शिकायला यायची. ती लग्न होऊन कुठल्या कुठे गेली होती, आणि घरात आता दुसरीच माणसं राहत होती. त्यांनी लाँड्रीत फोन केला. मास्तरीणबाई बसनं गेल्या, मास्तरांच्या शेजारी बसून गाडीतून परत आल्या, आणि त्या दिवशी मात्र त्यांना हसू आलं नाही.

त्यानंतर हमरस्त्याची गोष्ट घडली. संध्याकाळी दारात गाडी थांबली ती पोलीस चालवत होता आणि मास्तर शेजारी बसले होते. पोलिसानं टोपी काढली. "बाई, चालवतात झकास हो. हात एकदम पक्का. फक्त उलट्या बाजूनं चालले होते."

"कुणाला लागलं?"

"नशीब म्हणा. समोरचे सगळे बाजूला झाले."

मास्तर उतरता उतरता पोलिसाला म्हणाले, "तुमचा पाय सारखा क्लचवर असतो. प्लेट जाईल."

डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढले, आणि गाडी बंद म्हणून सांगितलं. सांगणं सोपं होतं. मास्तरीणबाईंनी किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवल्या. त्या लाँड्रीतून परत येईपर्यंत मास्तरांनी सगळं घर उपसलेलं असायचं. कपाटं उघडी, गाद्या उलट्या, आणि मधोमध मास्तर घामाघूम उभे. "काय शोधताय?" विचारलं तर तेही त्यांना आठवायचं नाही, पण शोधणं थांबायचं नाही. एक दिवस किल्ल्या सापडल्या. पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनी मास्तर गाडी काढून गेले आणि नाल्याच्या कठड्याला पुढचं चाक लावून थांबले. मेकॅनिकनं बॅटरीची तार सोडून ठेवली, ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी जोडली. ज्या माणसाला नातवाचं नाव आठवत नव्हतं, त्याला बॅटरीची तार कुठली कुठे जाते ते पक्कं ठाऊक होतं.

लेक दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक ती गाडी. कुणाला तरी उडवतील एखाद्या दिवशी. एक सही तर लागते."

एक सही तर लागते. मास्तरीणबाईंनाही तसंच वाटलं होतं.

त्यांनी लाँड्रीच्या काचेवर कागद चिकटवला. तो वाचून एक नर्स आली. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं देणारी, पट्ट्या बदलणारी बाई. तिशी ओलांडलेली, दमलेली, बोलायला गोड. बसनं फिरून फिरून तिचे पाय भरून यायचे. तिनं गाडी चालवून बघायचं म्हटलं. आता मास्तरांना कसं सांगायचं? मास्तरीणबाई विचार करत होत्या तोवर मास्तर स्वतःच जाऊन शेजारच्या सीटवर बसले होते.

"बसा सिस्टर. आधी सीट पुढे घ्या. आरसा."

मास्तरीणबाई मागे बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांची शिकवणी मागच्या सीटवरून पाहिली. नर्सला गाडी येत होती, पण मास्तरांनी तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. वळणाआधी किती वेग ठेवायचा, लहान मूल फुटपाथवर असेल तर त्याच्या पायांकडे बघायचं, चेंडू आला तर मागून मूल येणारच. आवाज शांत, शब्द एकही चुकीचा नाही. मास्तरीणबाईंना क्षणभर वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. परत आल्यावर मास्तर म्हणाले, "हात चांगला आहे. उद्या याच वेळेला. आणि येताना सपाट चपला घाला."

नर्सनं आरशातून मास्तरीणबाईंकडे पाहिलं. "हो मास्तर," ती म्हणाली.

दारातच व्यवहार ठरला. नर्स म्हणाली, "काकू, कागद होतील तेव्हा द्या. मी थांबते."

कागद म्हणजे नुसती सही नव्हती. गाडीच्या पुस्तकावर अजून फायनान्स कंपनीचं नाव होतं. कर्ज कधीच फिटलं होतं, पण कंपनीचं नाव कुणी खोडलं नव्हतं, आणि ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं गिळली होती. मास्तरीणबाईंनी अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून तिथे खेटे घातले आणि नाहरकत आणली. मग परिवहन कचेरीतून कळलं की गाडी शिकवणीची म्हणून नोंदलेली आहे, जादा ब्रेक काढून तपासणी करून घ्या. मेकॅनिकनं ब्रेक काढला. मास्तर बाजूला खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांनी पाना धरायला मदतसुद्धा केली. ब्रेक निघाल्यावर मात्र ते आत जाऊन बसले आणि त्या रिकाम्या जागेवर पाय दाबत राहिले. मेकॅनिक मान वळवून पाने गोळा करायला लागला.

शेवटी एकच रकाना उरला. विक्रेत्याची सही.

मास्तरांची सही एके काळी बघण्यासारखी होती. पहिलं अक्षर घाटातल्या वळणासारखं मोठं, मग सरळ धावत जाणारी रेघ, आणि शेवटी एक टिंब, गाडी जागेवर उभी केल्यासारखं. मास्तरीणबाईंनी टेबलावर फॉर्म ठेवला, पेन हातात दिलं.

"कशाची सही?"

"विम्याची," त्या म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांनी चहाच्या कपाकडे पाहिलं.

पहिलं अक्षर छान आलं. मग हात थांबला. मास्तर पेनाकडे बघत राहिले, आणि मग रेघ जी निघाली ती रकान्यातून बाहेर, फॉर्मवरून बाहेर, टेबलाच्या कापडावर गेली. त्यांनी वर बघितलं. चूक केलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "हे पेन नीट नाही," ते म्हणाले.

"नाहीच नीट," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुसरं देते."

पेनं बदलली, फॉर्म बदलले. सकाळी, झोप झाल्यावर, पोटात काही गेल्यावर, हळूहळू त्यांनी सगळ्या वेळा करून पाहिल्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या कडांवर सराव झाला. एकदा सही बरीचशी सहीसारखी दिसली. तेवढ्यावर त्या फॉर्म घेऊन धावल्या. खिडकीतून कागद परत आला तो लाल शेऱ्यासकट. सही जुळत नाही, मालकाला समक्ष आणावे.

समक्ष न्यायचं म्हणजे मास्तरांना दाढी करून, चांगला शर्ट घालून, दोन बस बदलून न्यायचं. रांगेत त्यांनी तीनदा विचारलं, "आपण कुणाला भेटायला आलोय?" त्यांचा नंबर आला, खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली आणि तो ताडकन उठून उभा राहिला.

"मास्तर! ओळखलंत का? तुमच्याकडे शिकलोय मी."

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "उलटी गाडी घ्यायला घाबरायचास."

कारकून मोठ्यानं हसला. "अजून घाबरतो!" त्यानं त्यांना बाजूच्या दारानं आत घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला, शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून ओळख करून दिली. मास्तरीणबाईंच्या जिवात जीव आला. आपल्या ओळखीचा माणूस भेटला, आता काम झालंच म्हणून समजा. मास्तर खुशीत होते. ताठ बसले होते, एकेकाची चौकशी करत होते.

कारकुनानं फॉर्म पुढे ओढला. "मास्तर, मग गाडी विकायची म्हणता?"

"कोण म्हणतं?"

"हा काय, अर्ज आहे ना तुमचा."

"माझी गाडी मी कशाला विकू?" मास्तर हसले. "उद्या सकाळी शिकवणी आहे. एक नर्स येते. हात चांगला आहे तिचा."

कारकुनाचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत चहाही नव्हता आणि खुर्चीही नव्हती.

"अहो, ते विसरतात," मास्तरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्याशी आत्ता बरे बोलतायत, पण घरी..."

"मास्तरीणबाई, मला तर त्यांनी लगेच ओळखलं. मी काय घाबरायचो तेसुद्धा सांगितलं." त्यानं फॉर्म घडी घालून त्यांच्या हातात दिला. "मालक समोर बसून नाही म्हणतोय. मी शिक्का कसा मारू? उद्या कुणी विचारलं तर?"

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही मास्तर. चहा घ्या."

बसमध्ये मास्तरीणबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मास्तर म्हणाले, "चांगला मुलगा आहे. कोण होता?"

कारकुनानं निघताना एवढं सांगितलं होतं की डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू. मास्तरीणबाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय लिहू सांगा. यांना कळतंय असं लिहिलं तर ते स्वतः नाही म्हणतायत, आणि मग यांना कायद्यानं गाडीही चालवू द्यायला लागेल. कळत नाही असं लिहिलं तर त्यांच्या सहीला किंमतच राहत नाही. मग कोर्टातून पालक म्हणून तुमची नेमणूक करून घ्यावी लागेल."

"पालक? मी त्यांची बायको आहे."

"कागदावर ते वेगळं धरतात."

त्या आठवड्यात मास्तर दोनदा गाडीत जाऊन बसले. किल्ली नव्हती, म्हणून नुसते हॉर्न वाजवत राहिले. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खिडकीतून ओरडले. मास्तरीणबाई ते सगळं ऐकत स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर कोरा फॉर्म होता आणि शेजारी जुना विम्याचा कागद, त्यावर मास्तरांची ती जुनी, ऐटदार सही. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर एकदा तशी काढून पाहिली. जमली नाही. पुन्हा काढली. आयुष्यभर चिठ्ठ्यांवर बारीक नंबर लिहिणारा हात होता तो. घाटातलं वळण आलं, धावती रेघ आली, शेवटचं टिंब आलं. इतकी हुबेहूब की त्यांच्या अंगावर काटा आला. मग त्यांनी ती फॉर्मवर केली. तपासणी वगैरे सगळं जोडून ठेवलं. समक्ष नेण्याऐवजी दुसऱ्या भागातल्या कचेरीत, अनोळखी खिडकीत देऊ, असं मनाशी ठरवलं. तिथे खरेदी करणाराच कागद घेऊन जातो.

नर्स कागद न्यायला आली. चहा झाला. तिनं एकेक कागद बघितला, आणि फॉर्मशी येऊन थांबली. 

"काकू, ही मास्तरांची सही नाही."

"त्यांचीच आहे. जुन्या कागदाशी लावून बघ."

"तेच म्हणते. जुन्या कागदासारखी आहे." तिनं फॉर्म हळूच टेबलावर ठेवला. "मी रोज असे हात धरते काकू. त्यांना पेला धरता येत नाही, मी पाहिलंय मागच्या वेळी."

मास्तरीणबाईंनी पदरानं टेबल पुसायला घेतलं. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. "तू कुठे कुणाला सांगणार आहेस?"

"मी नाही सांगणार. पण उद्या तुमच्या घरातलंच कुणी उठलं आणि म्हणालं की माझ्या भावाची गाडी हिनं फसवून घेतली, तर माझं नर्सिंगचं लायसन जाईल. मी आजारी माणसांच्या घरात एकटी जाते काकू. माझ्यावर असला डाग नको." तिनं कप बाजूला सारला. "कोर्टाचं करून घ्या. मी थांबते अजून."

ती वाईट बाई असती तर बरं झालं असतं, असं मास्तरीणबाईंना पुढे कितीदा तरी वाटलं. नर्स गेल्यावर त्यांनी फॉर्म फाडला. त्याचे अगदी बारीक तुकडे केले.

भावाचं नर्स सहजच बोलली होती, पण ते खरं ठरलं. मास्तरीणबाईंनी कोर्टात अर्ज केला, कोर्टानं जवळच्या नातलगांना नोटिसा पाठवल्या आणि मास्तरांची धाकटी बहीण नोटीस हातात घेऊनच घरी आली. वन्सं रविवारी यायच्या, दुपार भावाशी बोलण्यात घालवायच्या आणि दिवेलागणीच्या आत निघून जायच्या. मास्तर त्या दुपारी फुलायचे. लहानपणचं सगळं त्यांना आठवायचं. संध्याकाळनंतरचे मास्तर वन्संनी कधी पाहिलेच नव्हते. भिंतीशी भांडणारे, बायकोला "तुम्ही कोण, घरी जा" म्हणणारे.

"वहिनी, दादाला माझ्या लग्नाच्या बसचा नंबर आठवतो," वन्सं म्हणाल्या, "आणि तू कोर्टात लिहून देतेस की त्याचं डोकं गेलंय?"

"वन्सं, एकदा रात्रीच्या राहा."

"मला कशाला राहायला सांगतेस? आज गाडी, उद्या घर. पालक म्हणे! जिवंत माणसाला बायको पालक!"

मास्तर दोघींकडे बघत होते. "भांडू नका," ते म्हणाले, "मी सोडतो दोघींना."

वन्संनी हरकत नोंदवली. तारीख पडली. कोर्टाच्या खोलीत पंखा करकरत होता. न्यायाधीशबाई समजूतदार होत्या, त्यांनी मास्तरांना जवळ बसवून विचारलं. नाव सांगता येतं का? आलं. या कोण? "ही माझी बायको," मास्तर म्हणाले, "स्वभावानं चांगली आहे, पण गाडी येत नाही." खोलीत सगळे हसले. न्यायाधीशबाईसुद्धा हसल्या. मास्तरीणबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांना कळलं की आपण आज हरलो. आदेश आला की तीन डॉक्टरांच्या समितीकडून तपासणी व्हावी, अहवालानंतर विचार करू. समितीतला एक डॉक्टर रजेवर गेला. अहवाल आला तो चुकीच्या नंबराखाली दाखल झाला. वकील प्रत्येक वेळी म्हणायचा, "पुढच्या तारखेला नक्की." पुढची तारीख यायची ती त्याच्याही पुढची तारीख घेऊन.

नर्स एकदा लाँड्रीत आली. गणवेशांची थैली तिनं काउंटरवर ठेवली, पण हात थैलीवरून काढला नाही.

"काकू, मी दुसरी गाडी घेतली."

"बरं केलंस."

"दोनदा बस चुकली आणि एका आजोबांचं इंजेक्शन राहिलं. मला थांबता येईना."

"अगं, बरंच केलंस." मास्तरीणबाईंनी थैली ओढून घेतली, गणवेश मोजले, एकेकाला नंबर टाचला. शेवटचा टाचताना टाचणी बोटात गेली. नर्सनं सवयीनं बोट धरलं, कापूस काढला, दाबून ठेवला. दोघी काउंटरच्या दोन्ही बाजूंना तशाच उभ्या राहिल्या. मागचं गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा बोट सुटलं.

गाडी दारात उभीच होती. बॅटरी मेकॅनिकनं काढून नेली होती. मास्तर रोज तिच्यात बसायचे, मग कधीतरी बसायचे, मग नुसतं काचेवरून हात फिरवून यायचे. मग त्यांनी तिच्याकडे बघायचंच सोडलं. मास्तरीणबाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं. नंतर लक्षात आलं की ते खिडकीबाहेरही बघत नाहीत, ताटाकडेही बघत नाहीत. एक दिवस ते न्हाणीघरात पडले आणि त्यानंतर पलंगावरून उठले नाहीत.

तेव्हा वन्सं राहायला आल्या. भावाला आंघोळ घालायला, कूस बदलायला दोन माणसं लागत होती. पहिल्या संध्याकाळी मास्तरांनी बहिणीचा हात झिडकारला आणि "ही बाई माझ्या घरात कशी आली" म्हणून इतके ओरडले की शेजारी आले. वन्सं स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ भिंतीवरच्या डब्यांकडे बघत होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "कुठं सही करायची ते सांग."

हरकत मागे घेतली गेली. त्यानंतरही दोन तारखा गेल्या, पण अखेर आदेश हाती आला. मास्तरांच्या वतीनं त्यांची चीजवस्तू विकायचा अधिकार मास्तरीणबाईंना मिळाला. जाड कागद, गोल शिक्का. फोनवर लेक म्हणाली, "चला, सुटलीस आई." मास्तरीणबाई "हो" म्हणाल्या.

घ्यायला कुणी नव्हतं. टायर बसून चिरले होते, उंदरांनी तारा खाल्ल्या होत्या, सीटवर बुरशी आली होती आणि गाडी रस्त्यावर चालवायच्या परवान्याची मुदतही संपली होती. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि मान हलवली. भंगारवाला म्हणाला, "नेतो, पण नोंदणी रद्द करून आणा."

म्हणून त्या पुन्हा त्याच कचेरीत, त्याच खिडकीपाशी गेल्या. कारकुनानं आदेश वाचला आणि एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला.

"मास्तर कसे आहेत?" त्यानं कागदाकडे बघतच विचारलं.

"आहेत."

"त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं की..."

"सगळ्यांनाच वाटायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पावती पिशवीत टाकली.

भंगारवाल्याची गाडी आली, साखळ्या लावल्या, पांढरी गाडी पुढच्या बाजूनं उचलली गेली. आत पलंगावर मास्तर झोपले होते. साखळ्यांच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. वन्सं दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मास्तरीणबाईंना रडू आलं नाही. सूप उतू जात होतं, त्या आत गेल्या.

मग एक पाकीट आलं. मास्तरांच्या नावानं, परिवहन कचेरीकडून. गाडीचा कर थकला आहे, विमा नाही, दंड भरा, न भरल्यास पुढील कारवाई. नोंदणी रद्द झाल्याचं कागदावर होतं, पण कचेरीच्या कॉम्प्युटरमध्ये चढलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. चिडण्याइतकंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. पाकीट त्यांनी औषधांच्या चिठ्ठीशेजारी पिशवीत ठेवलं, वन्संना दुपारच्या गोळ्या समजावून सांगितल्या आणि लाँड्रीच्या मालकाकडून पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली.

रांग मोठी होती. त्यांच्यापुढचा म्हातारा गप्पिष्ट होता.

"कशाचं काम?"

"गाडीचं."

"विकताय? की घेताय?"

मास्तरीणबाईंनी विचार केला. "दोन्ही नाही," त्या म्हणाल्या. "गाडी नाहीच आहे."

म्हाताऱ्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि पुढे सरकला. त्याही पुढे सरकल्या. खिडकीपाशी पोचेपर्यंत आतल्या कारकुनानं पडदा ओढला होता. जेवणाची सुट्टी झाली होती. मागची माणसं वैतागून पांगली. मास्तरीणबाई तिथेच उभ्या राहिल्या, कारण रांगेतली जागा सोडली असती तर पुन्हा शेवटापासून उभं राहावं लागलं असतं.